कॉफीत धुतलेला रोल

दिवाळीच्या साफसफाईत सासऱ्यांचा जुना कॅमेरा हाती लागला. ते गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता. फोटोंचा आकडा अर्ध्यावर थांबलेला होता, म्हणजे आत रोल होता. धाराशिवचा स्टुडिओवाला म्हणाला, असले ब्लॅक अँड व्हाइट रोल इथं आता कुणी धूत नाही, पुण्याला पाठवा, पण काही निघेल याची खात्री धरू नका. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. म्हटलं, पाठवायचा कशाला?

इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी एकत्र केलं की फिल्मवरचं चित्र उठतं, हे मला ठाऊक होतं. चित्र पक्कं करणारा हायपो तेवढा मागवला. न्हाणीघराच्या दाराला दोन वाकळी टांगून पूर्ण अंधार केला आणि आधी फिल्मचा छोटा तुकडा कापून धुतला. तो कोळशासारखा काळा निघाला.

सासूबाई म्हणाल्या, बरी कॉफी वाया घातली. मला मात्र हुरूप आला. तुकडा काळा झाला म्हणजे द्रावण काम करत होतं, फक्त गरजेपेक्षा जास्त करत होतं. इतक्या उन्हाळ्यांत तापलेल्या फिल्मला गार आणि जपून धुवायला हवं. दुसऱ्या वेळी माठातलं पाणी घेतलं, काळेपणा आवरायला चिमूटभर आयोडीनचं मीठ टाकलं, वेळ कमी केला. अंधारात घड्याळ दिसणार नाही म्हणून सासूबाईंना दाराबाहेर खुर्ची दिली. त्या एकेक मिनिट मोठ्यानं सांगत होत्या, मी फिल्मची दोन टोकं धरून ती पातेल्यातून वरखाली फिरवत होते.

हायपोतून काढून फिल्म खिडकीशी धरली. बरीच चित्रं धुरकट होती, पण दोन स्पष्ट होती. मोबाइलवर फोटो काढून रंग उलटे केले. एका चित्रात नऊवारी नेसलेली तरुण बाई सायकलवर ताठ बसून येत होती. दुसऱ्यात सायकल आडवी आणि तीच बाई मातीत बसून हसत होती. मला वाटलं, सासऱ्यांची कुणी बहीण असेल.

सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "मीच हाय ती."

सासरे येडशीच्या शाळेत मास्तर असताना स्टेशनमागच्या माळावर त्यांनीच सासूबाईंना सायकल शिकवली होती. पडल्यावर उचलायला धावायचं सोडून आधी फोटो काढला, म्हणून सासूबाई संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. पुढं बदली झाली, मुलं झाली, सायकल राहून गेली आणि रोलही तसाच अर्धा राहिला.

माझा नवरा कामावरून आला आणि फोटो बघून चकित झाला. "आई, तू कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी इचारलंस?" त्या शांतपणे म्हणाल्या.

मी सायकलवरचा फोटो मोठा करून घेणार होते. त्यांनी पडल्यावरचा निवडला. म्हणाल्या, चालवताना जीव मुठीत होता, खरी मजा पडल्यावर आली. आता तो समोरच्या खोलीत आहे. आलेल्या प्रत्येकाला त्या तो स्वतः दाखवतात, आणि धुतला कुणी, हेही सांगतात. त्यामुळं गल्लीतल्या दोन घरांतून माझ्याकडं जुने रोल आलेत. एक उद्या धुवायचा आहे.