नितीनचे टॉन्सिल कोणी नेले?

दवाखान्याच्या बाकावर बसून बसून माणसाकडे दोनच गोष्टी जमतात. एक पाठदुखी आणि दुसरे किस्से. पाठदुखी माझी गेली, किस्से मात्र मुक्कामालाच राहिले. बाकावरची माझी मैत्रीण मालती भेटली की एक आठवतो, तो सांगता सांगता दुसरा डोकं वर काढतो, आणि तिकडे स्टोव्हवरचं दूध उतू जातं! म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढू. शिक्षण माझं सातवी, पण अक्षर बरं आहे. तसं खुद्द कर्नलसाहेब म्हणाले होते.

कर्नलसाहेब म्हणजे आमचे मुलांचे डॉक्टर. आयुष्यभर मिलिटरीत जवानांची पोरं तपासली आणि रिटायर झाल्यावर मुलुंडला दवाखाना टाकला. आम्ही भांडुपच्या चाळीत राहायचो. माझा मुलगा नितीन तेव्हा चार वर्षांचा. ताप गेला की कान फुटायचा, कान सुकला की छाती भरायची. न्यूमोनियाने दोनदा ॲडमिट झालेला. डॉक्टर बदलून झाले, औषधं बदलून झाली. तो जरा गप्प झोपला की मी नाकापुढे बोट धरून बघायचे, श्वास चालू आहे ना! बालवाडीत नाव घातलं होतं, पण तो इतका क्वचित जायचा की दरवेळी बाई विचारायच्या, "अगंबाई, नवीन ॲडमिशन का?"

*

पहिल्या दिवशी आमचे हे पण सोबत आले होते. हे कंपनीत फिटर. साहेब दिसला की आपोआप ताठ उभे राहणार, अशी सवय.

कर्नलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पहाडी आवाजात हुकूम सोडला, "शर्ट काढ! जोरात श्वास घे!"

ह्यांनी शर्ट काढला. जोरात श्वास घेतला.

साहेबांनी शांतपणे ह्यांच्या छातीला नळी लावली, पुढून ऐकलं, मागून ऐकलं आणि म्हणाले, "उत्तम! तुम्ही ठणठणीत आहात. आता मुलाला बघू का?"

*

दवाखान्यात शिट्टी होती. खरी, पितळेची. ती वाजवायचे गुरव कंपाउंडर. गुरव मूळचे मालवणचे, मिलिटरीत एक दिवस नव्हते, पण साहेबांच्या हाताखाली राहून साहेबांपेक्षा जास्त मिलिटरी झालेले.

"नंबर च्यार! फुडे चल! रडणा बंद!"

एकदा नंबर चार गुपचूप आत गेला आणि बाकावर त्याची आईच हुंदके देत बसली. गुरव बाहेर आले. पुन्हा शिट्टी वाजली.

"आवशीचा रडणा पण बंद!"

ती इतकी दचकली, की तिची उचकीसुद्धा थांबली.

*

सासूबाईंनी नितीनच्या गळ्यात सात ताईत बांधले होते. एक कणकवलीचा, एक वाकोल्याच्या मावशीने दिलेला, बाकीचे कुठले ते त्यांनाही आठवत नव्हतं. साहेबांना नळी टेकवायला छातीवर जागाच सापडेना.

"हा मुलगा आहे की किल्ल्यांचा जुडगा?"

मी घाबरले. म्हटलं, आता काढायला सांगणार आणि घरी महाभारत होणार. पण साहेब म्हणाले, "काढू नका. सगळ्यांची कमरेवर बदली करा. वरची पोस्ट मला रिकामी पाहिजे."

घरी येऊन सांगितलं. सासूबाई खूश! चाळीभर सांगत सुटल्या, "डॉक्टर शहाणा आहे हो! आमच्या ताईतांची कर्नलने स्वतः बदली केली!"

*

साहेबांनी मला वही ठेवायला लावली. सकाळ, दुपार, संध्याकाळ ताप मोजायचा आणि जे होईल ते लिहायचं. "जे होईल ते" म्हणाले, म्हणून मी सगळंच लिहिलं.

"सकाळी ९९. दुपारी १०१. नळावर पवारीणबाईंनी माझी कळशी लाथेने सरकवली. संध्याकाळी १००, कान दुखतो. पवारीणबाईंशी बोलणं बंद."

पुढच्या खेपेला साहेब वही वाचत बसले. मी श्वास रोखून उभी. आता काय सांगतात! त्यांनी पान उलटलं, परत मागे आले आणि गंभीरपणे विचारलं, "मग कळशी परत पुढे लागली की नाही?"

पण तीच वही त्यांनी दोन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्या दिवशी पवारीणबाईंचं नाव काढलं नाही. मधल्या काळात तिसरा न्यूमोनिया झाला होता. "अक्षर चांगलं आहे तुझं," एवढंच म्हणाले, आणि नितीनला खिडकीच्या उजेडाकडे घेऊन गेले. "आ कर."

बराच वेळ बॅटरी मारून घशात बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"ह्याचे टॉन्सिल कुठे आहेत?"

मी घाईघाईने हात झटकले. "मी... मी नाही काढले हो!"

*

घरी हाहाकार! सासूबाई म्हणाल्या, "एकुलतं एक पोर, त्याचं सामान तुला नीट सांभाळता येत नाही?"

ह्यांना वेगळाच संशय. आधीच्या एका डॉक्टरने "टॉन्सिल वाढलेत, काढावे लागतील" असं सांगितलं होतं. आणि मधे नितीन ॲडमिट असताना हे डबा आणायला गेले होते. बस्स, तेवढ्यात काढले असणार! हे तडक त्या डॉक्टरकडे.

"आमच्या मुलाचे टॉन्सिल कुठे ठेवलेत?"

"अहो, मी हात पण लावलेला नाही! पुढच्या महिन्यात काढणार होतो!"

मालतीला हे सांगितलं तर ती बाकावरून पडायची बाकी. "बरं झालं गं बाई! नाहीतर तो डॉक्टर आत शिरला असता, सगळीकडे शोधलं असतं आणि रिकाम्या हाताने बाहेर आला असता!"

*

मग रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट आला तो अर्धा कोराच. लॅबवाला म्हणाला, मशीन बिघडलं असणार, असं कुणाचं रक्त नसतं. साहेबांनी पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. तेव्हा साहेबांनी बाही वर केली. "गुरव, माझं काढ. दोन्ही बाटल्या बरोबर पाठव. बघू मशीन खोटं बोलतं की मुलगा!"

गुरवांनी फॉर्म भरताना कुठे चूक नको म्हणून साहेबांच्या कागदावर सगळ्याच रकान्यांत खुणा केल्या.

दोन्ही रिपोर्ट आले. मशीन चोख होतं. साहेबांच्या रक्तात जे हवं ते सगळं होतं, आणि वर साखर! भरपूर! पोर बरं झालं की प्रत्येक आई पेढे आणायची आणि साहेब ते "तपासून" बघायचे, त्याचा हा हिशेब. त्या दिवसापासून पेढ्यांचा डबा गुरवांच्या कपाटात, आणि किल्ली त्यांच्या जानव्याला.

नितीनचा रिपोर्ट मात्र साहेबांनी हातातच धरून ठेवला. मला बसायला सांगितलं. त्यांच्याकडे आईला बसायला सांगत नसत.

"रक्तात एक पलटण असते. बाहेरून जंतू आले की लढते. ह्याच्या रक्तात ती पलटणच नाही. जन्मापासून नाही. ह्यात टॉन्सिलसुद्धा नीट वाढत नाहीत."

साहेब पुढे बोलले. मिलिटरीत असताना एका हवालदाराचा मुलगा त्यांच्याकडे असाच सारखा यायचा. "तेव्हा मला कळलं नाही." गुरव उगाचच बाटल्या पुसायला लागले. "पुढे पुस्तकात वाचलं. अमेरिकेतल्या एका मिलिटरीवाल्यानेच शोधलं होतं, तोही मुलांचाच डॉक्टर. तेव्हापासून सारख्या आजारी पडणाऱ्या पोराच्या घशात मी आधी टॉन्सिल शोधतो."

"मग आता पलटण आणायची कुठून?"

"उसनी. ज्यांच्याकडे आहे त्यांच्या रक्तातून काढतात, त्याचं इंजेक्शन मिळतं. महिन्याच्या महिन्याला. कायम."

"आणि ते घेतलं तर?"

साहेबांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "तर शाळेत जाईल. रोज."

*

इंजेक्शन मांडीत. सुई अशी, की ती बघूनच मालतीचा खोकणारा मुलगा बरा व्हायचा. नितीन मात्र दात आवळून बसायचा, कारण साहेबांनी त्याला आत काय जातंय ते सांगितलं होतं.

एक दिवस पवारीणबाई भांडायला दारात. नळावरच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच बोलत होत्या.

"तुमच्या नितीनने आमच्या पिंकीला घाबरवलंय! म्हणतो, माझ्या मांडीत मिलिटरी आहे, तुझ्यावर सोडीन!"

संध्याकाळपर्यंत चाळीतली सगळी पोरं नितीनच्या मांडीला कान लावून गेली. दोघांना तर बँडही ऐकू आला!

*

पहिलं वर्ष माझं धाकधुकीतच गेलं. तो शिंकला की मी थर्मामीटर घेऊन उभी. वहीत मात्र ९८, ९८, ९८. साहेबांना वाटलं, मी खोटं लिहिते. मला वाटलं, थर्मामीटर मेलं!

नितीन पहिलीत गेला. सहामाहीनंतर एक दिवस त्याने चिठ्ठी आणली, शाळेच्या बाईंची. लाल शाईत. मी ती उभ्याने वाचली, मग खाली बसून वाचली आणि तशीच पदराला हात पुसत निघाले. वाटेत नाक्यावर पाव किलो पेढे घेतले.

नंबर न लावता आत घुसले. गुरव शिट्टी तोंडात धरून मागे धावले. मी चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचली.

"आपला मुलगा वर्गात अतिशय दंगा करतो. बाकीची मुलं महिन्यातून एखादा दिवस तरी गैरहजर असतात. हा रोज येतो. कृपया लक्ष घालावे."

पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, पण शिट्टी वाजली नाही.

साहेबांनी चिठ्ठीची नीट घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. मग माझ्या हातातल्या पुड्याकडे पाहिलं.

"गुरव, डोळे मिट."

गुरवांनी डोळे मिटले. शिट्टी तशीच ओठांत होती, ती काढून म्हणाले,

"मिटलंय, सायब. पण कान उघडे आसत हां!"