चाळीस काडतुसं

नव्वदच्या दशकात दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या शूटिंग क्लबात मी स्टोअर सांभाळायचो. तिथे रिकाम्या पितळी काडतुसांत पुन्हा पावडर भरणारा एक कोल्हापूरकडचा माणूस होता. पावडर जास्त पडली तर रायफल हातातच फुटते, म्हणून प्रत्येक काडतुसाची पावडर तो काट्यावर तोलायचा. काम चालू असताना हाक मारली तर ओ द्यायचा नाही, नुसता डावा हात वर करायचा. मॅनेजरलासुद्धा तोच हात.

एकदा एक अरब आपली शिकारीची नवी रायफल घेऊन काडतुसं न्यायला आला. "यल्ला, हबीबी, यल्ला!" चला, लवकर, म्हणत दारात उभा राहून तो किल्ल्या खुळखुळवत होता. त्याच्या चाळीस काडतुसांत पावडर पडली होती, वर गोळ्या बसवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात मीच शहाणा आत डोकावलो.

"चहा घेणार का हो?"

"घेतो की," कोल्हापूरकर म्हणाला.

आणि थबकला. मग ट्रे पुढे ओढून त्यानं एकेक करून चाळीसच्या चाळीस काडतुसं पावडरच्या डब्यात रिकामी केली.

"अहो, फार तर एखादं चुकलं असेल!" मी म्हणालो.

"तुम्हाला उत्तर दिलं ना साहेब मी? म्हणजे लक्ष आधीच उडालं होतं. कितव्या काडतुसापासून, कोण सांगणार?"

अरबाला मराठी कळत नव्हतं. पण त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या आणि खुर्ची ओढून बसला.