सुवर्णाचा न हलणारा कॅमेरा

व्हिडिओ हलला, तर रस्ता खराब की काढणाऱ्याचा हात खराब? सांगा ना. आमच्या वस्तीच्या रस्त्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मी बांधकाम खात्याच्या कचेरीत दाखवला, तेव्हा साहेबांनी माझ्या हातालाच दोष दिला. इकडे जीपवाल्या कडूबाने सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत रस्ता झाला नाही तर जीप बंद. त्याच जीपने आमच्या पोरी चिखलीला कॉलेजात जातात.

म्हणून सुवर्णाकडे गेलो. ही सुलतानपूरची, लग्नांचं शूटिंग करते. डीएसएलआर कॅमेरा सेकंडहँड, पण चित्र असं सरकतं की शहरातले शूटिंगवाले विचारतात, मशीन कोणतं? कसलं मशीन! कॅमेरा स्थिर धरायचं दुकानातलं मशीन तिच्या कॅमेऱ्याहून महाग. हिचा नुसता प्लास्टिकच्या पाइपाचा दांडा, वर कॅमेरा, खाली वाळू भरलेली बाटली. मधली मूठ गाडीच्या स्टेअरिंगच्या, चहूकडे वळणाऱ्या बॉल जॉइंटवर बसवलेली. मेकॅनिकने तो सैल झाला म्हणून फेकला, हिने सैल आहे म्हणूनच उचलला. हात कितीही हलू द्या, कॅमेरा हलत नाही.

जीपमध्ये पुढे बसून तिने रस्ता टिपला. पाहतो तर काय, खड्डे फुफाट्याने भरलेले, कॅमेरा स्थिर, आणि रस्ता हायवेसारखा गुळगुळीत! माझं डोकं फिरलं. हा रस्त्याच्या ठेकेदाराच्या घरच्या लग्नात दाखव, म्हणालो.

ती बाटलीतली वाळू कमीजास्त करत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, रस्त्याले काय पाह्यता? रस्त्यावरचे माणसं पाहा न."

दुसऱ्या फेरीत तिने कॅमेरा मागच्या सीटकडे वळवला. तिथे आमच्या वस्तीवरच्या सुभद्राबाई, मांडीवर पाण्याने भरलेली कळशी. चित्र जागच्या जागी, आणि त्यात म्हातारी, कळशी, जीपचं टप सगळं उडतंय. वस्ती येईपर्यंत कळशी अर्धी, लुगडं चिंब. कडूबा म्हणाला, "मावशी, भाडं जीपचं देल्लं, आंघोळ फुकट."

साहेबांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. हाताचं नाव यावेळी काढलं नाही. कळशी मुद्दाम सांडली असेल, म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुवर्णाच बोलली.

"मंग तुम्ही धरा न साहेब कळशी. शूटिंग माह्याकडे."

सगळी कचेरी बघत होती. नाही म्हणायची सोय उरली नाही.

तर येत्या सोमवारी सकाळी साहेब जीपमध्ये बसणार आहेत. तुम्हीही या. पण कृपा करून स्वतःच्या गाडीने येऊ नका. सुलतानपूरहून कडूबाच्या जीपमध्ये बसा, आणि येताना एक भरलेली कळशी आणा.