शिट्टीवरचा खो

शाळांची यादी फळ्यावर लागली आणि माझ्या वाट्याला शिरवणे गावातली प्राथमिक शाळा आलेली दिसली, तेव्हा मी तिथल्या तिथे तोंड वाकडं केलं. माझ्या मैत्रिणीला वाशीची मोठी शाळा मिळाली होती. तिथे सपाट मैदान, रंग दिलेले खांब, मुलींच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. मला मिळालं देवळामागचं खडबडीत आवार, ज्याच्या एका टोकाला कुणाची तरी जाळी वाळत पडलेली असायची. नव्वदीतली मधली वर्षं होती ती. आजूबाजूला इमारती उठत होत्या आणि मधेच हे जुनं गाव आपल्या कौलांसकट बसलेलं होतं.

मी शारीरिक शिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करत होते. शेवटच्या सत्रात प्रत्येकीने एका प्राथमिक शाळेचा खेळाचा संघ सहा आठवडे तयार करायचा, असा आमच्याकडे नियम होता. मधे एकदा आणि शेवटी एकदा आमचे सर येऊन पाहणी करणार. शेवटच्या पाहणीत नापास झालं की वर्ष गेलं. बाकीच्यांचं वर्ष गेलं तर त्या पुढच्या वर्षी परत बसणार होत्या. माझं तसं नव्हतं. आम्ही कोपरखैरण्याला राहायचो, वडील तुर्भ्याच्या कारखान्यात होते आणि त्यांनी मला एकच वर्ष दिलं होतं. पोरीच्या जातीने पँट घालून मैदानात पळायचं, हे त्यांच्या साताऱ्याकडच्या डोक्याला आधीच झेपत नव्हतं. नापास झालीस तर गुमान पॅकिंगला यायचं, असं ते म्हणाले होते, आणि सुपरवायझरशी बोलूनही ठेवलं होतं. ते पॅकिंग मी एकदा बघून आले होते. दिवसभर उभं राहून खोक्यात खोकी भरायची. मला मेले तरी तिथे जायचं नव्हतं.

शाळेने मला चौथीच्या नऊ मुली दिल्या आणि खेळ दिला खो-खो. सगळ्या आगरी घरांतल्या, अनवाणी, तेल चोपडलेल्या घट्ट वेण्यांच्या. त्यांतली एक खणखणीत आवाजाची होती. तिची आई बाजारात मासळी विकायची आणि लेकीने गळा आईचाच घेतला होता. तिला मी कप्तान केलं. दुसरी एक चांगली जाडजूड होती, पळायला सगळ्यांत मंद. तिला कुठे लपवावं या विचारात मी पहिला आठवडा काढला.

मी तेव्हा फार कडक होते. खरं तर घाबरलेली होते, पण घाबरलेला माणूस कडकच दिसतो. रोज रात्री जेवायच्या आधी टाचणवही लिहायचे. पाठाच्या टाचणात दोन रकाने असतात, शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती. माझा डावा रकाना खच्चून भरलेला असायचा. उजव्या रकान्यात मी रोज एकच वाक्य लिहायचे, विद्यार्थी सूचनांचे पालन करतील. मैदानात बोलायचं नाही, हसायचं नाही, एकमेकींना हाका मारायच्या नाहीत, असा माझा दंडक होता.

खो कधी द्यायचा, हे मुलींना काही केल्या कळेना. आठ जणी ओळीत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पळणारीचा पाठलाग करते आणि योग्य क्षणी बसलेलीच्या पाठीला हात लावून खो देते. तो योग्य क्षण मला दिसायचा, त्यांना दिसायचा नाही. मग मी माझ्या मते मोठी हुशारीची युक्ती काढली. क्षण आला की मी शिट्टी वाजवायचे, आणि शिट्टी वाजली की खो द्यायचा. दोन आठवड्यांत मुली अशा तयार झाल्या की बघत राहावं. शिट्टी, खो, शिट्टी, खो. घड्याळ लावावं तशा पळत होत्या. मी वाशीवाल्या मैत्रिणीला जाऊन सांगितलं की तुझ्या बूटवाल्यांना आमच्या पोरी धूळ चारणार.

मधल्या पाहणीला सर आले. त्याच शाळेतल्या मुलांशी सामना ठेवला होता. पंच सर स्वतः झाले, शिट्टी त्यांच्या हातात, आणि मला त्यांनी रेषेबाहेर खुर्चीत बसवलं. सामना सुरू झाला. माझी पहिली मुलगी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळाली, वळली, परत पळाली. वाटेत सगळ्या बसलेल्या होत्या. तिने एकीलाही खो दिला नाही. पळता पळता ती माझ्याकडे बघत होती, आणि बसलेल्या आठही जणी मान वळवून माझ्याकडेच बघत होत्या. शेवटी बिचारीचा पाय मधल्या रेषेवर पडला आणि सरांनी फाऊलची शिट्टी वाजवली. तिने लगेच पुढचीच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली, खो. त्यानंतर पाच मिनिटं हेच. सर फाऊल द्यायचे आणि माझ्या मुली खो द्यायच्या. मुलांच्या संघातला एकही गडी बाद झाला नाही. शाळेचे गुरुजी पोट धरून हसत होते. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या वहीत लिहिलं, मुली बाईंची शिट्टी शिकल्या आहेत, खो-खो नाही. खाली सही आणि नापास.

मला इतका राग आला की मी सगळ्यांना ओळीत उभं करून फैलावर घेतलं. खो का दिला नाहीत म्हणून विचारलं. कप्तान खाली मान घालून म्हणाली, "बाई, तुमी शिट्टी वाजवलीच नाय."

 मी आणखी ओरडले आणि तणतणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर कुणीच आलं नाही. मी अर्धा तास एकटी उभी होते. मग देवळाच्या पलीकडून आरडाओरडा ऐकू आला, तशी त्या बाजूला गेले. दोन घरांच्या मधल्या अंगणात माझ्या नऊच्या नऊ जणी खो-खो खेळत होत्या. खांबांच्या जागी एकीकडे नळ आणि दुसरीकडे शेवग्याचं झाड. गल्लीतल्या लहान पोरी पळत होत्या आणि माझ्या पोरी त्यांना धरत होत्या. आणि बोलत होत्या. माझ्या दंडकाचं पार भजं झालं होतं. आयली गो, तुज्याकडं आयली, असं जिच्या समोरून पळणारी जायची ती ओरडायची, आणि पाठमोरी बसलेली तयार व्हायची. ती जाडजूड मुलगी नळाजवळच्या जागेवर बसली होती. तिला पळावं लागतच नव्हतं. ती पावलांचा आवाज ऐकत डोळे मिटून बसायची, खो मिळाला की उठायची, हात लांब करायची आणि नळाला वळसा घालणारी तिच्या हातात सापडायची. खो असे सरसर जात होते की मी दोन आठवडे शिट्टी फुंकून काय केलं, याची मला लाज वाटली.

मला पाहताच सगळ्या गप्प झाल्या.  माझा राग होताच, पण तो आता माझ्यावरच होता. मी शिट्टी काढून खिशात टाकली आणि एकीला उठवून तिच्या जागेवर बसले. म्हटलं, मलाही घ्या.

पाठीमागे काय चाललंय ते बसलेलीला दिसत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बसल्यावर कळलं. पहिल्या खोला मी खो मिळायच्या आधीच उठले. दुसऱ्यालाही तेच. मुली एकमेकींकडे बघून ओठ दाबत होत्या. कप्तान मला समजावायला लागली की बाई, घाई नका करू, आमी सांगू तवा कान द्या. चौथीतली मुलगी मला शिकवत होती आणि मी मुकाट्याने ऐकत होते. तिसऱ्या दिवसापर्यंत मला जमायला लागलं.

पुढचे तीन आठवडे मी तोंड आवरायला शिकले, आणि माझ्यासारखीला ते सोपं नव्हतं. खेळ त्यांनी खेळायचा. पाळी संपली की मी एकच विचारायचे, काय चुकलं? सुरुवातीला सगळ्या एकमेकींवर ढकलायच्या. मग हळूहळू खरं सांगायला लागल्या. जाडजूड मुलगी खांबापाशीच बसणार हे त्यांनी ठरवलं. कुणानंतर कुणाला बसवायचं हेही त्यांनीच ठरवलं, आणि कारणं अशी दिली की मी ती वहीत उतरवून घेतली. टाचणवहीत डावा रकाना ओस पडला आणि उजव्यात जागा पुरेना. हे बघून सर काय म्हणतील, या विचाराने मला झोप लागायची नाही. घरी वडील रोज विचारायचे, पास होणार का? मी सांगायचे, होणार. 

शेवटची पाहणी वाशीच्या त्या मोठ्या शाळेच्या मैदानावर, माझ्या मैत्रिणीच्या संघाशी. नियम सरांनी आधीच बजावला. प्रशिक्षकाने सामना चालू असताना एक शब्द काढायचा नाही. काढला तर नापास. पंच दुसरेच शिक्षक होते आणि सर वही घेऊन थेट माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. माझ्या मुलींनी ते गुळगुळीत मैदान पायाने दाबून पाहिलं. मग कप्तानने सगळ्यांना जागा दाखवल्या.

सामना अटीतटीचा झाला. त्या पोरीही चांगल्या होत्या, उगाच कमी लेखणार नाही. धरायची शेवटची पाळी आमची. बरोबरीला पाच जणी बाद करायच्या होत्या. पहिल्या तिघी भराभर बाद झाल्या, त्यांतल्या दोघी खांबापाशीच. चौथीही गेली. अर्धं मिनिट उरलं असेल, आणि तेवढ्यात पाठलाग करणारी कप्तानच पळणारीच्या पुढे निघून गेली. मला क्षण स्पष्ट दिसत होता. मागच्या मुलीलाच खो द्यायला हवा होता, सगळी साखळी तुटली होती. मी खुर्चीतून उठले आणि ओरडायला तोंड उघडलं. कप्तानने घाईत पुढचीला खो दिला, तिच्या जागेवर बसली, आणि ती जागा नेमकी माझ्या तोंडासमोरची होती. तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज जेमतेम माझ्यापर्यंत पोचेल इतका.

"बाई, तुमी बसा. आमी हाव ना."

मी बसले.

त्यांनी साखळी परत जुळवली. तीन खो असे गेले की वाशीच्या मुलीसुद्धा बघत राहिल्या. शेवटच्या पळणारीपासून हात वीतभर लांब होता तेव्हा वेळ संपली. आम्ही एका गुणाने हरलो.

मला वाटलं, आता मुली रडत माझ्याकडे येतील. मी उठून तयारही झाले. कुणी आलं नाही. नऊ जणी मैदानाच्या मधोमध गोल करून बसल्या आणि त्यांचं सुरू झालं. कुणाचा खो उशिरा गेला, कोण वाकून बसली होती, कुणी आवाज दिला नाही. मी चूक कप्तानची धरली होती. त्यांनी भलतीच शोधून काढली, तिच्या आधीच्या दोन जागांवरची. मी मनात सगळा खेळ परत लावून पाहिला आणि मला दिसलं की त्यांचंच बरोबर होतं.

सर मागून म्हणाले, "तुम्ही जात नाही त्यांच्यात?"

"मला अजून कुणी बोलावलं नाही, सर."

मी हे रडत रडत म्हणाले, पण ते रडणं हरल्याचं नव्हतं. इतका अभिमान मला त्याआधी कशाचा वाटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार थोड्या वेळा वाटला.  मग सरांनी वहीत लिहून ती माझ्या हातात दिली. त्यांनी फक्त पास असं लिहिलं होतं आणि खाली सही केली होती.

संध्याकाळी वडिलांना वही दाखवली. त्यांनी विचारलं, जिंकल्या का तुझ्या पोरी? मी म्हटलं, हरल्या, आणि सगळं सांगितलं, ती मुलगी मला बसा म्हणाली तेही. त्यांनी वही मिटून परत दिली आणि ते जेवायला बसले.  पुढे चार दिवसांनी आमच्या चाळीतल्या, त्यांच्याच पाळीत काम करणाऱ्या काकांनी मला नळावर गाठून विचारलं की काय गं, तुझ्या वडिलांनी सुपरवायझरला काय सांगितलं ते कळलं का? मी नाही म्हटलं. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून वडील म्हणाले होते, "पोरगी न्हाय येनार पॅकिंगला. तिच्या हाताखालच्या पोरी आता तिलाच गप बस म्हंत्यात, इतक्या तयार केल्यात तिनं."