चार कोऱ्या ओळी

त्या मुलीला फसवलं ते तिच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही दुसऱ्या कुणावर संशय घेणार नाही.

"दोन-चार इकडं तिकडं" हे तिचं पालुपद. साधी वेळ विचारली तरी, "सव्वापाच, काका. दोन-चार मिनिटं इकडं तिकडं." मोजलं की ते किती चुकू शकतं तेही सांगायचं असतं, असं तिचं म्हणणं. शहागंजात माझं जुन्या यंत्रांचं दुकान आहे. हातगाडीवरून सुरुवात केली, भाव करूनच वर आलो. आणि ही पिशोरच्या शेतकऱ्याची पोर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, मी सांगेन तो भाव निमूट द्यायची.

"अगं, घासाघीस कर की जरा."

"तुम्ही सांगितला तो खराच असंल ना?"

मला राग यायचा. मग मीच भाव उतरवायचो.

बंद पडलेल्या थेटरातल्या प्रोजेक्टरचं भिंग तिनं माझ्याकडून नेलं होतं. एकदा आली ती म्हणाली, "काका, एक केस द्या."

"उरलेत किती, त्यातला तुला देऊ?"

"लई नाय, एकच."

लेझरच्या उजेडात धरून तिनं त्याची जाडी काढली. दहा वेळा मोजली म्हणे. "ऐंशी मायक्रॉन. दोन-चार इकडं तिकडं." माझ्या डोक्याची एवढी कदर घरात कुणी केली नव्हती.

त्या हिवाळ्यात तिनं एका मोठ्या संस्थेत उन्हाळी संशोधनासाठी अर्ज केला. दोन महिने तिथं राहायचं, शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायचं. वडिलांशी ठरलं होतं: निवड झाली तर पुढं शिकायचं, नाही तर वैशाखात लग्न. आयुष्यात तिनं केलेला सौदा एवढाच.

अर्जाला सरांचं शिफारसपत्र लागत होतं. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." ती कागद घेऊन दुकानात आली आणि इंग्रजी मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. केलेले प्रयोग, मिळालेले गुण, एकदा चुकलेली मोजणी. मग 'विद्यार्थिनीबद्दल माझे मत' आणि त्याखाली चार ओळी कोऱ्या.

"हे रिकामं का?"

"ते सरांनी लिहायचं. मी कशी हाय ते मीच कसं सांगू?"

"मी माल विकताना गंज दाखवत बसतो का? लिही, वर्गात पहिली."

"पण मी तिसरी हाय."

म्हटलं, असो. सर वाचतील, भरतील. तिथं मी, एवढा व्यवहारी माणूस, गप्प बसलो.

निवड झाली नाही. पुढं कॉलेजच्या शिपायानं फायलीतली प्रत तिला काढून दिली. कागद तसाच गेला होता. चार ओळी कोऱ्या, खाली सरांची झोकदार सही.

मी तिला घेऊन तडक सरांकडे गेलो. "अहो, औपचारिकता असते ती," ते म्हणाले. "दरवर्षी किती पोरांना सह्या देतो मी." माझा आवाज चढला. तिनंच बाही धरून मला बाहेर आणलं.

"सर कामात असतील, काका."

वैशाख लागायच्या आधी ती भिंग परत द्यायला आली. मी घेतले होते तेवढेच पैसे पुढं केले.

"एवढे नको. वापरलंय मी."

पहिल्यांदा तिनं घासाघीस केली, आणि तीही स्वतःच्या विरुद्ध. गावी जायच्या कन्नडच्या गाडीला किती वेळ आहे, मी विचारलं. घड्याळ बघून म्हणाली, "पाऊण तास."

मी पुढचं ऐकायला थांबलो. ती पिशवी उचलून निघाली.

भिंग मी विकलेलं नाही. ती माझ्याकडेच ठेवून गेलेली प्रत गल्ल्यात आहे. सर, तुम्ही रोज याच रस्त्यानं जाता. एकदा दुकानात या. पेन मी देतो. त्या चार ओळींत तुम्ही काय लिहिणार होता, ते माझ्यासमोर लिहा.