आई वारली, अक्का हाय

मी मुळात चौकस. घरचे याला भोचक म्हणतात. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी मी दोन स्टॉपच्या आत काढून घेते. त्यात पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे दुसरी खोड लागली ती चुका काढायची. लग्नाची पत्रिका आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते, मग मुहूर्त. आमची वैनी म्हणायची, “लाल शाईनं नको गं लिहू, माणसाच्या जिवाला लागतं.” मी कधी ऐकलं नाही.

निवृत्त झाल्यावर एका रविवारी सकाळी दारात माझीच जुनी विद्यार्थिनी उभी. विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. शुद्धलेखनात मी तिला दर चाचणीला दहापैकी दोन गुण दिलेले. आता ती एका संस्थेत समाजसेविका होती. स्टेशनवर, एसटी स्टँडवर एकटी सापडणारी, रस्त्यावर राहणारी पोरं बघायचं तिचं काम.

“बाई, पोरांशी बोलायला येतंय मला,” ती म्हणाली. “लिवायचं म्हटलं की घाम फुटतो. अहवाल गेला की वरनं विचारतेत, हे कुठलं मराठी? तेवढं तपासून द्या की.”

म्हटलं, आण. आंधळा मागतो एक डोळा! घरात बसून कंटाळले होते आणि तिच्या पिशवीत तर जगभरच्या गोष्टी होत्या.

तेव्हापासून दर रविवारी ती कागद आणायची. मी तपासायचे आणि तिला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. पोरं तुझ्याशी बोलतात कशी? पळून जात नाहीत? घर कुठंय ते सांगतात? ती म्हणाली, “घर कुठंय असं विचारायचंच न्हाय, बाई. घरातनं भाईर पडल्यावर पयलं कुत्रं कुठं भेटतंय, ते विचारायचं.” पोरांना पत्ता ठाऊक नसतो, कुत्रं ठाऊक असतं. कुत्र्यापासून पिठाची गिरणी, गिरणीपासून शाळा, असं करत करत ती पोराला घराच्या दारापर्यंत नेऊन सोडायची. पोर जे बोलेल ते अक्षरशः तसंच लिहून घ्यायची. मग मी त्याचं शुद्ध मराठी करायचे. आपण फार मोठं काम करतोय असं मला वाटायचं.

थंडीच्या दिवसांत एका मुलीचा कागद आला. सहा-सात वर्षांची, भरदुपारी एसटी स्टँडच्या बाकाखाली सापडलेली. आता मुलींच्या बालगृहात होती. नाव विचारलं तर घरातलं लाडाचं सांगे, आणि गाव विचारलं तर “मळा.” खाली तिचं बोलणं होतं: “आई वारली. बाबा न्हाय. अक्का हाय. दादा हाय. दोगं उसाला गेले. मला अक्काकडं जायचंय.”

मी लाल पेन उचललं आणि झोकात लिहिलं: “मातापित्यांचे छत्र हरपलेली बालिका. थोरली बहीण व थोरला भाऊ ऊसतोड मजूर. ठावठिकाणा अज्ञात.” ‘छत्र हरपलेली’वर तर मी बेहद्द खूश. माझी विद्यार्थिनीही म्हणाली, “लई भारी, बाई.” तेलुगूतही अक्का म्हणजे थोरली बहीणच. तिला तरी शंका का यावी?

पुढच्या रविवारी ती आली तीच तोंड पाडून. बहीण सापडत नव्हती. गुरुवारी बालकल्याण समितीची बैठक होती. आईबाप नाहीत आणि न्यायला कुणी येत नाही म्हटल्यावर मुलीला कायमची दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत पाठवायचं ठरत होतं.

“तिकडं गेली की संपलं, बाई. ह्या भागातलं कोण तिकडं शोधायला जाणार? आन् पोरगी जेवंना. रोज एकच, अक्का कवा येनार.”

“मला बघायचीय ती,” मी म्हणाले. खरं सांगते, त्यात दया थोडी होती, उत्सुकता जास्त. कागदावरची पोरं मी खूप वाचली होती, पण समोर एकही पाहिली नव्हती.

परवानगी काढून सोमवारी दुपारी आम्ही गेलो. मुलगी ओट्यावर एकटीच खड्यांनी खेळत होती. वर उडवलेला खडा झेलायची, खालचा उचलायची. बारीक केस कापलेले, डोळे मात्र टपोरे. मी शेजारी टेकले आणि माझाही हात चालवून बघितला. एक खडा झेलता येईना.

“तुमाला येत न्हाय,” ती म्हणाली.

“न्हाय बाई. तुला कुणी शिकवलं?”

“अक्कानं.”

मला राहवतंय होय! सुरूच केलं. “अक्का लई मोठी हाय का गं?”

“व्हय.”

“लगीन झालंय तिचं?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की ही म्हातारी वेडीच दिसते. “झालंय की. दादासंगं.”

मी आणि माझी विद्यार्थिनी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. बहिणीचं लग्न भावाशी? शिव शिव! विद्यार्थिनी म्हणाली, “दादा न्हाय गं, दाजी म्हणायचंय का तुला?”

“दाजी न्हाय. दादा. दादा अक्काला वराडतो, चा कर म्हणून.”

मी हळूच विचारलं, “तुज्या आईला दात होते का गं?”

“न्हाय. शेंगा कुटून द्याय लागायच्या तिला.”

सात वर्षांच्या पोरीची आई, तोंडात एक दात नाही, शेंगा कुटून खाते. ती आई नव्हतीच. आजी होती. अक्का ही आई, दादा हा बाप, आणि बाबा म्हणून हाक मारावी असं त्या घरात कुणी नव्हतंच. म्हणून “बाबा न्हाय.”

आणि हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला! ज्या वैनीचं लाल शाईचं वर सांगितलं, ती माझी भावजय नव्हे. ती माझी जन्मदाती आई. चार काका तिला वैनी म्हणायचे, म्हणून मीही वैनी. आजीला सगळं घर आई म्हणायचं, म्हणून मीही आई. सहावीत असताना आजी गेली. तेरावं झाल्यावर शाळेत गेले आणि बाईंपुढं हुंदके देत म्हणाले, “आमची आई गेली.” अख्खा वर्ग दोन मिनिटं उभा राहिला. मधल्या सुट्टीत माझा विसरलेला डबा घेऊन वैनी फाटकात हजर. हेडमास्तरांनी विचारलं, आपण कोण? ती म्हणाली, “मी हिची आई.” हेडमास्तर मटकन खुर्चीत बसले. हा किस्सा मी जन्मभर लग्नाकार्यात रंगवून सांगत आले. आणि पेन हातात आलं तेव्हा तोच नेमका विसरले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, तो असा बसला.

विद्यार्थिनीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. “बाई,” ती म्हणाली, “गेल्या बुधवारी स्टँडवरच्या आमच्या संस्थेच्या मदत-खिडकीत एक बाई आल्ती. पोरगी हरवली म्हणत. नाव येगळंच सांगत होती. आमच्या माणसानं कागद बघितला आन् म्हणाला, हितं एकच हाय, पण तिची आई वारलीय. परत पाठवली तिला.”

त्या माणसाचं काय चुकलं? कागदावर होतं ते त्यानं वाचलं. कागद माझा होता. एक आई लेकीच्या इतक्या जवळ येऊन माघारी गेली, ती माझ्या शुद्ध मराठीमुळं. मला माझी भयंकर लाज वाटली.

खिडकीतल्या वहीत एवढंच होतं: ऊसतोड, अकलूजकडं. ना नंबर, ना टोळीचं नाव. मंगळवारी पहाटेच्या एसटीनं माझी विद्यार्थिनी अकलूजला गेली. दोन दिवस ऊसतोड्यांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, पालथ्या घातल्या. ती पोरगी हरवली का असं विचारत नव्हती, कारण तसं विचारलं की गर्दी जमते आणि खरंखोटं कळत नाही. तिनं एकच प्रश्न ठेवला होता: “कुणाची पोरगी आईला अक्का म्हणती?” मी इकडं घरात येरझाऱ्या घालत होते. दर तासाला फोन. शेवटी ती वैतागली, “बाई, तुमीच चार्जिंग संपवताय माझं!” बुधवारी दुपारी तिचाच फोन आला. ती ओरडत होती, “गावली, बाई! अक्का गावली!”

मग सगळं कळलं. मैंदर्गी गावाच्या पुढं त्यांचं घर. मुलीची आत्या भावाला दादा आणि भावजयीला अक्का म्हणायची, तेच मुलीनं उचललेलं. आईबाप उसाला गेले की मुलगी आजीजवळ राहायची. आजी वारली. आईबाप दिवस करून परत कामावर गेले आणि मुलीला आत्याकडं ठेवलं. मुलगी अक्काला शोधायला म्हणून एकटीच एसटीत चढली आणि सगळे उतरले तिथं उतरली. आत्याचा फोन गेल्यापासून आई कोयता टाकून गावोगाव फिरत होती.

गुरुवारी ती समितीपुढं आली. तळहाताला चिंध्या गुंडाळलेल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला. मुलगी दारातून आत आली, थबकली, आणि “अक्का!” म्हणून अशी सुटली की मधली खुर्ची पडली. आईनं तिला उचललं नाही. खालीच बसली आणि तिला छातीशी घेऊन डोक्यावरचे कापलेले केस चाचपत राहिली.

कागद चोख होते. तरी समितीतल्या एक बाई प्रेमानं म्हणाल्या, “बाळ, आई म्हणून हाक मार बघू.”

“आई मेली की,” मुलगी म्हणाली.

त्या बाईंनी पुन्हा रेशनकार्ड हातात घेतलं. आईच म्हणाली, “म्हणू द्या तिला अक्का. ती अक्का म्हणली की मी कुटनंबी येती.”

मी नवा अहवाल वाचून दाखवला. या वेळी मुलीचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं होतं, एक काना-मात्रा न हलवता. मग मुलीच्या आईपुढं हात जोडले आणि सांगितलं, की खिडकीवरून तुम्हाला माघारी पाठवलं ते मी. तिला नीटसं कळलं नाही. ती म्हणाली, “गावली न्हवं पोरगी, ऱ्हाऊ द्या.”

सह्या होईपर्यंत मुलगी आणि मी व्हरांड्यात बसलो. तिनं खिशातून खडे काढले. मला एक झेलता आला. ती खूश झाली आणि एकदम म्हणाली, “तुमची आई हाय?”

“न्हाय गं. मी लहान असतानाच वारली.”

“आन् अक्का?”

शेवटच्या आजारपणात वैनी एकदा थट्टेनं म्हणाली होती, “एकदा तरी आई म्हण की गं मला.” मी म्हणाले होते, “इश्श, आता साठीत काय म्हणायचं!” आणि तिचं औषध मोजत बसले होते.

“तीबी वारली,” मी म्हणाले. “मी तिला वैनी म्हणायची.”

मुलीनं खडे मुठीत धरले. माझ्याकडं नीट बघत तिनं विचारलं, “मग तुमाला न्यायला कोण येनार?”

मी पदर डोळ्यांना लावला. मागं माझी विद्यार्थिनी स्कूटरची किल्ली घेऊन कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक.

“मी नेती की बाईंना,” ती म्हणाली.