एकटेपणाचे साठ फॉर्म

शिपायाच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. ओल्या रानातून चालताना चपलेला काळी माती चिकटत जाते, तसे ते आपोआप चिकटतात. दहा पावलं झाली की चप्पल जड लागायला लागते, तेव्हा कुठं लक्षात येतं. मी तर लातूरच्या एका समाजकार्य कॉलेजात सगळी उमर काढली. निवृत्त झालो, तरी मुळे मॅडमनी सोडलं नाही. म्हणाल्या, "मामा, पोरींना गावागावात सर्वेला पाठवायचं असतं. तुम्ही सोबत आहात म्हटलं की आईबाप हो म्हणतात."

माझं शिक्षण चौथी. पण वर्गाच्या दाराशी स्टुलावर बसून मी मॅडमचा तास इतक्या वेळा ऐकलाय, की अर्धा तरी डोक्यात राहिला. मॅडम संशोधन पद्धती शिकवतात. त्यांचं म्हणणं असं, की समाजात अमुक एक दुखणं आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. ते किती जणांना आहे, किती आहे, हे मोजून दाखवावं लागतं.

मागच्या वर्षी मोजायला निघाला तो म्हाताऱ्यांचा एकटेपणा. पोरं पुण्याला गेली, मागं गावात आईबाप राहिले, त्यांचं काय, असा विषय. अहमदपूर तालुका ओंकारकडे, रेणापूर तालुका शीतलकडे. या दोघा विद्यार्थ्यांनी साठ-साठ म्हाताऱ्या माणसांना चोवीस प्रश्न विचारून फॉर्म भरायचे आणि त्यावर प्रबंध लिहायचा.

ओंकारला कसली घाई नव्हती. शीतलला होती. ती देवणीकडची. तिच्या वडिलांनी तिला कॉलेजात सोडताना माझ्यासमोरच सांगितलं होतं, "यंदा झालं तर झालं. न्हाई तर सामान घेऊन घरी ये. पुढलं साल मला झेपणार न्हाई." माणूस वाईट नव्हता. बोलून झाल्यावर तिची पिशवी त्यांनी स्वतःच होस्टेलवर नेऊन ठेवली.

*

फॉर्म गावात नेण्याआधी कुणावर तरी करून बघायचा असतो. म्हातारा माणूस जवळ कोण? मीच. ओंकारनं मला खुर्चीवर बसवलं. स्टूल सोडून खुर्चीवर बसायची मला सवय नाही. हात कुठं ठेवावेत कळेना.

"मामा, गेल्या पंधरा दिवसांत तुम्हाला एकटं वाटलं का? कधीच नाही, क्वचित, कधी कधी, नेहमी. यातलं एक सांगा."

मी विचार करू लागलो. माझं बोलणं मुळात सावकाश. ओंकारनं दोनदा घड्याळ बघितलं.

"साडेसहाला," मी म्हणालो.

"काय साडेसहाला?"

"संध्याकाळी साडेसहाला वाटतं. आमची मंडळी त्या वेळेला चूल पेटवायची. ती गेल्यापासून त्या टायमाला वाटतं. सात वाजले की न्हाई वाटत."

ओंकार मॅडमकडे बघायला लागला. चार चौकोनांत साडेसहाचा चौकोन नव्हता. "मामा, यातलंच एक सांगा ना," तो म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, "मामांना कशाला दम देतोस? चुकलं असेल तर आपलं चुकलं." आणि त्यांनी फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला: दिवसातल्या कोणत्या वेळी? तेवीस होते, ते असे चोवीस झाले. चौथी शिकलेल्या माणसाचा एक प्रश्न कॉलेजच्या फॉर्मवर छापला गेला. मी एक कोरा फॉर्म मागून घेतला आणि घरी नेऊन कपाटात ठेवला.

*

मग घरं निवडायची. मॅडमनी शिकवलं होतं, की ग्रामपंचायतीतून म्हाताऱ्या माणसांची यादी घ्यायची, नावांच्या चिठ्ठ्या करायच्या, घागरीत टाकून हलवायच्या आणि डोळे मिटून काढायच्या. ज्याची चिठ्ठी निघाली त्याच्याच घरी जायचं. दार बंद असलं तर परत जायचं. शेजारचं घर चालणार नाही.

ओंकारला हे लांबण वाटलं. तो अहमदपूरकडच्या एका गावात उतरला, पारावर गेला आणि दुपारच्या एसटीनं वीस फॉर्म भरून परत आला. मॅडमनी चाळले. वीसच्या वीस पुरुष, आणि वीसच्या वीस जणांना कधीच एकटं वाटत नाही.

"ओंकार, हे सगळे तुला भेटले कुठं?"

"पारावर, मॅडम."

"काय करत होते?"

"पत्ते खेळत होते."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे चार-चार जणांचे पाच डाव बसले होते, आणि तू त्यांना विचारलंस, एकटं वाटतं का."

ओंकार म्हणाला, "एक जण हरत होता मॅडम, त्यानं थोडं वाटतं म्हणलं होतं. पण बाकीच्यांनी त्याला गप बसवलं."

*

शीतल मात्र चिठ्ठ्या काढूनच गेली. तिची अडचण वेगळी झाली. 'क्वचित' आणि 'कधी कधी' यातला फरक गावात कुणाला सांगता येईना. एक म्हातारी तिला म्हणाली, "माय, तुला जे बरं दिसतंय ते लिही. तू का खोटं लिहिणार हायस?"

मग तिनं डोकं चालवलं. त्या गावात मारुतीच्या देवळाला चारच पायऱ्या. उत्तरंही चार. ती सगळ्यांना देवळाशी बोलवायची आणि सांगायची, "आजोबा, अजिबात एकटं वाटत नसेल तर खालच्या पायरीवर बसा. लई वाटत असेल तर एकदम वरच्या. मधलं असेल तर मधल्या." लोकांनाही गंमत वाटली. बारा जणांचं दोन तासांत झालं. येताना एसटीत पोरगी इतकी खूश, की मला तिनं शेंगदाणे घेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी मॅडम फॉर्म बघून म्हणाल्या, "शीतल, या गावात तर कुणाला एकटेपणाच नाही. सगळे खालच्या पायरीवर. असं गाव मी पहिल्यांदा बघितलं."

शीतल म्हणाली, "गाव चांगलं आहे, मॅडम."

मी चहा ठेवत होतो. मध्ये बोलायची मला सवय नाही, पण राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, गाव चांगलं हाय. पण त्यांचे गुडघे दुखतात."

बारा फॉर्म पुन्हा भरावे लागले. या खेपेला घरोघर जाऊन. पायऱ्या तिनं पुठ्ठ्यावर काढून नेल्या. लोकांनी बसल्या जागेवरून बोट ठेवलं, आणि बारांतले सात जण वरच्या पायऱ्यांवर गेले.

*

गावात माझं काम एकच. म्हाताऱ्या माणसाला प्रश्न विचारले की उत्तर सून देते, नाहीतर लेक देतो. "त्यांला काय कमी हाय? दोन टाइम जेवतेत, टीव्ही बघतेत." म्हणून घरच्यांना गोडीनं बाहेर काढायचं. मी म्हणायचो, "पाव्हणं, गोठ्यात देवणी बैल दिसायलाय. जरा दाखवता का?" आमच्याकडं बैलाचं विचारलं की कुठलाही माणूस उठतोच. अर्धा तास माझा गोठ्यात जायचा, आत शीतलचे चोवीस प्रश्न व्हायचे.

एका घरी लेक माझ्यासोबत आला. त्याला बैलाचं वय विचारलं, तर तो काहीतरी चुकीचं बोलला. तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. म्हातारा उठून गोठ्यात हजर. मागून शीतल फॉर्म घेऊन.

"आजोबा, अजून नऊ प्रश्न राहिलेत."

"राहू दे पोरी. ह्याला काय माहीत बैलाचं? मी हातानं पाजून वाढवलाय ह्याला."

ते नऊ प्रश्न तिनं बैलाच्या पाठीला टेकून विचारले. 'मनातलं कुणाशी बोलता' या प्रश्नाला म्हाताऱ्यानं बैलाकडं बोट केलं. लेक तिथंच उभा होता. त्यानं मान खाली घातली, आणि उगीचच पेंढी सोडायला लागला.

*

फॉर्म भरून झाले की कॉम्प्युटरमध्ये आकडे टाकायचे. ओंकारचे साठ आधी झाले. सरासरी वय काढलं तर ऐंशीच्या वर गेलं. ओंकारनं लगेच प्रबंधात एक परिच्छेद लिहून टाकला, की अहमदपूर भागातली हवा कोरडी, जेवणात ज्वारीची भाकरी, त्यामुळं माणसं दीर्घायुषी.

मॅडमनी आकड्यांवरून बोट फिरवत नेलं आणि एका ओळीवर थांबल्या.

"ओंकार, हे सातशे वर्षांचे आजोबा कोण?"

सत्तरवर एक शून्य जास्त पडलं होतं.

ओंकारनं ते शून्य खोडलं. मग म्हणाला, "मॅडम, भाकरीचा परिच्छेद ठेवू का काढू?"

*

आता शीतलचा साठावा फॉर्म.

एकोणसाठ झाले होते. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. शेवटची चिठ्ठी निघाली ती रेणापूरपलीकडच्या एका वस्तीवरच्या गंगाबाईंची. घरात एकट्याच. एक शेळी आणि दारात शेवग्याचं झाड.

आजींनी आम्हाला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली, चार प्रश्नांची उत्तरं दिली आणि उठल्या. "आता शेळीला पाणी दाखवायचंय. बाकीचं उद्या."

दुसऱ्या दिवशी गेलो. चार प्रश्न झाले. "आता माझं डोस्कं दुखायलंय. उद्या ये."

तिसऱ्या दिवशी चार प्रश्नांनंतर वाळवण काढायचं होतं. चौथ्या दिवशी चार प्रश्नांनंतर आजींना झोप आली. त्या दिवशी त्यांनी शेवग्याच्या शेंगांचं कालवण करून ठेवलं होतं. आधी जेवण झालं, मग प्रश्न.

शीतल रडकुंडीला आली. मॅडमचा नियम पक्का होता. अर्धा फॉर्म म्हणजे फॉर्म नाही, आणि एकोणसाठ म्हणजे साठ नाहीत. एसटीच्या थांब्यावर ओंकारचा फोन आला. तिनं स्पीकर लावला. तो म्हणाला, "येडी का तू? राहिलेले आठ तूच भर. सगळ्या म्हाताऱ्या तेच सांगतेत. कोण बघायला जायलंय त्या वस्तीवर?"

शीतलनं पिशवीतून फॉर्म काढला. पेन काढलं. गाडी यायला वेळ होता. मी दुसरीकडं बघत राहिलो. आपण काय सांगणार? तिच्या वडिलांचं बोलणं मला पाठ होतं, तिलाही असणार.

थोड्या वेळानं पेनाचं टोपण लागल्याचा आवाज आला. "मामा, उद्या सकाळची पहिली गाडी धरू," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी चोविसावा प्रश्न आला: गेल्या पंधरा दिवसांत घराबाहेरचं कोणी तुम्हाला भेटायला आलं का? किती वेळा?

"सहा बार," आजी म्हणाल्या.

"कोण आलं होतं, आजी?"

"कोण म्हंजे? तूच की."

"मला धरायचं नसतं आजी. मी फॉर्मसाठी येते."

"मग कालवण कुणी खाल्लं माझं?"

शीतलनं तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "खरंच सहा वेळा गेलीस?"

"हाव, मॅडम."

"मग लिही सहा. पण परीक्षक विचारतील. काय सांगायचं ते तू ठरव."

तोंडी परीक्षेला नांदेडहून सर आले होते. कडक म्हणून नाव होतं त्यांचं. शीतलच्या आधीच्या पोराला पाच मिनिटांत बाहेर काढलं होतं. मी आत चहा घेऊन गेलो, तेव्हा शीतल त्यांच्यासमोर उभी होती आणि सरांनी बरोबर त्याच पानावर बोट ठेवलं होतं.

"सगळीकडं शून्य, एक, फार तर दोन. इथंच एकदम सहा. या बाईंकडे कोण एवढं येत होतं?"

"मीच, सर."

"संशोधकानं स्वतःला मोजायचं नसतं, हे शिकवलं नाही का?"

"शिकवलंय, सर."

"तुला वगळलं तर किती राहतात?"

"शून्य, सर."

मी कप ठेवला, पण पाय निघेना. बशी उगीच सरळ करत राहिलो.

"फॉर्म पूर्ण झाल्यावर तिकडं परत गेली होतीस?"

"रविवारी गेले होते, सर."

"कशाला? काम तर संपलं होतं."

"मी निघताना आजींनी 'ये' म्हटलं होतं, सर."

सरांनी खिशातून पेन्सिल काढली, सहावर बारीक रेघ मारली आणि शेजारी सात लिहिलं.